विमान बदलताना : एकट्याने परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांना विमानतळावर मिळणारे साहाय्य

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आज मुलगा आखातात, मुलगी कॅनडात, तर धाकटा ऑस्ट्रेलियात वा इस्राएलमध्ये अशी परिस्थिती आहे. नातवंडाचा बाप्तिस्मा, सुनेचे बाळंतपण किंवा केवळ भेटीची ओढ यांपायी साठी-सत्तरी ओलांडलेले आई-वडील पारपत्र काढतात आणि कित्येकदा एकट्यानेच विमानात बसतात. मुंबईहून सर्वच शहरांना थेट विमान नसते. दोहा, दुबई, अबू धाबी, इस्तंबूल, सिंगापूर किंवा फ्रँकफर्ट अशा एखाद्या ठिकाणी उतरून दुसरे विमान पकडावे लागते. ज्यांना इंग्रजी फलक वाचता येत नाहीत, ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्या प्रवासातील सर्वात कठीण भाग म्हणजे मधल्या विमानतळावरील हे दोन-तीन तास. आकाशातील आठ तास त्यामानाने सोपे जातात, कारण तेथे चुकण्यासारखे काही नसते.

या मधल्या टप्प्यासाठी विमानतळांवर साहाय्याची रीतसर व्यवस्था आहे आणि गरजवंताला ती विनामूल्य मिळते. मात्र ती आपोआप मिळत नाही. ती आधी मागावी लागते, योग्य शब्दांत मागावी लागते, आणि तिचा निम्मा भाग तर तिकीट काढतानाच ठरून जातो. मुलांनी व नातलगांनी आई-वडिलांना निरोप देण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, याविषयीची माहिती आम्ही येथे देत आहोत.

तिकीट काढताना

सर्वात मोठा प्रश्न हा की संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर आहे की दोन वेगवेगळ्या तिकिटांवर. वरवर पाहता दोन्हीत काही फरक दिसत नाही. मुंबई ते दुबई एका कंपनीचे विमान आणि दुबईहून पुढे दुसऱ्या कंपनीचे, अशी स्वतंत्र तिकिटे घेतली तर कित्येकदा काही हजार रुपये वाचतात. परंतु एकाच आरक्षणावर, म्हणजे एकाच पीएनआर क्रमांकावर, दोन्ही विमाने असतील तर साधारणपणे सामान मुंबईत दिले की थेट शेवटच्या शहरी मिळते. आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यामुळे दुसरे चुकले तर पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन स्वतंत्र तिकिटांत यातले काहीच नसते. उतारूला मधल्या शहरात बाहेर पडावे लागते, सामान उचलावे लागते, ते पुन्हा तपासून द्यावे लागते. बाहेर पडायचे म्हणजे त्या देशाचा व्हिसा हवा. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आपण केवळ वेळेवर न आलेले उतारू ठरतो आणि तिकिटाचे पैसे बुडतात. एकट्याने निघालेल्या वडीलधाऱ्या माणसासाठी दोन तिकिटांची काटकसर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. प्रत्येक विमानतळाने दोन विमानांमधील किमान अवधी ठरवून दिलेला असतो आणि तिकीट देणारी यंत्रणा त्याहून कमी अवधीचे तिकीट देत नाही. हा अवधी मोठ्या विमानतळांवरही तासाभराच्या आसपास असू शकतो. तरुण व सडपातळ माणूस हातात एक पिशवी घेऊन धावला, तर तो पुरतो. व्हीलचेअरवरील उतारूचे मात्र वेगळे असते. तिला किंवा त्याला विमानातून सर्वांच्या शेवटी उतरवले जाते, मग खुर्चीची वाट पाहावी लागते, मग सुरक्षा तपासणीची रांग असते. आमच्या मते अशा उतारूसाठी अडीच ते चार तासांचा अवधी योग्य होय. त्याहून कमी धोक्याचा, आणि आठ-दहा तासांचा अवधी थकवणारा. पुढचे विमान त्या दिवशीचे शेवटचे तर नाही ना, हेही पाहून ठेवावे. शेवटचे असेल तर ते चुकल्यास रात्र विमानतळावर जाते.

तिसरा प्रश्न टर्मिनलचा. दोह्याच्या हमाद विमानतळावर एकच टर्मिनल आहे, त्यामुळे विमान बदलणे तुलनेने सोपे जाते. दुबईत तसे नाही. एमिरेट्सची विमाने तिसऱ्या टर्मिनलवरून जातात, तर फ्लायदुबईची बरीचशी विमाने दुसऱ्या टर्मिनलवरून. तिकिटावर या दोन्ही कंपन्या एकत्र असतील तर मध्ये बसचा प्रवास येऊ शकतो. तो फुकट असतो आणि विमानतळाच्या आतूनच होतो, पण वेळ खातो. तिकिटावर टर्मिनलचे क्रमांक छापलेले असतात. ते वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

व्हिसाचे नियम देशागणिक भिन्न आहेत. दोहा, दुबई, अबू धाबी, इस्तंबूल व सिंगापूर येथे एकाच तिकिटावर, विमानतळाबाहेर न पडता विमान बदलणाऱ्या भारतीय उतारूला तेथील व्हिसा लागत नाही. अमेरिकेचे मात्र निराळे आहे. तेथे केवळ विमान बदलायचे असले तरी देशात रीतसर प्रवेश करावा लागतो, सामान उचलून पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हवाच. कॅनडाला जाणाऱ्या आई-वडिलांचे तिकीट स्वस्त मिळाले म्हणून न्यूयॉर्क वा शिकागोमार्गे काढले, आणि व्हिसा नसल्याने मुंबईच्या काउंटरवरूनच परत यावे लागले, असे घडू शकते. ब्रिटनमध्ये भारतीयांना सामान्यतः संक्रमण व्हिसा लागतो. काही देशांचा वैध व्हिसा असल्यास सूट मिळते, परंतु तिच्या अटी आहेत. युरोपातील देशांचे संक्रमणाचे नियम अलीकडे बदलत आहेत, तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशीच संबंधित दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

फातिमा वा लुर्द येथे यात्रेला जाणाऱ्या गटांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे लिस्बनला जाताना शेंगेन क्षेत्रातील प्रवेशाची तपासणी फ्रँकफर्टलाच होते, लिस्बनला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून या देशांनी टप्प्याटप्प्याने नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू केली असून त्यात युरोपबाहेरील प्रवाशांच्या बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जाते. पहिल्या वेळी या नोंदणीला वेळ लागतो. चाळीस जणांच्या यात्रेकरू गटाने तेथे दीड तासाचे कनेक्शन घेणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणेच होय.

परतीच्या प्रवासाचाही विचार करावा. परदेशातून दिल्लीमार्गे मुंबई, पुणे किंवा नाशिकला येणाऱ्यांची इमिग्रेशन तपासणी साधारणपणे दिल्लीलाच होते. तेथे सामान पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून बाहेर काढून, देशांतर्गत विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. सामानावर मुंबईची चिठ्ठी लावलेली पाहून आपली बॅग आपोआप पुढे जाईल असे समजणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची बॅग दिल्लीच्या पट्ट्यावर फिरत राहते.

व्हीलचेअर आणि सोबतीची सेवा

भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, अपंग व हालचाल मर्यादित असलेल्या उतारूंसाठी नियम केले आहेत. त्यांनुसार निघण्याच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला साहाय्याची गरज कळवावी, आणि गरजवंताला विमानतळाच्या प्रवेशापासून विमानापर्यंत व उतरल्यावर बाहेर पडेपर्यंत साहाय्य विनामूल्य मिळावे. युरोपीय संघात २००६ साली झालेल्या व २००८ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या नियमावलीनुसार हे काम विमानतळ व्यवस्थापनावर सोपवलेले आहे. तेथेही ४८ तासांचीच पूर्वसूचना अपेक्षित असते आणि शुल्क घेता येत नाही. अमेरिकेत असा कायदा १९८६ पासून आहे. म्हणून कोणी आढेवेढे घेतले तर आपण उपकार मागत नसून हक्काची गोष्ट मागत आहोत, हे लक्षात असू द्यावे.

मागणी नोंदवताना तीन संकेत उपयोगी पडतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे ज्याला जिना चढता येतो व विमानात चालता येते, पण लांब अंतर चालवत नाही असा उतारू. डब्ल्यूसीएचएस म्हणजे ज्याला जिना चढता-उतरता येत नाही, पण विमानातील आसनापर्यंत चालता येते. डब्ल्यूसीएचसी म्हणजे ज्याला आसनापर्यंतही नेऊन बसवावे लागते. बहुतेक घरांतून तिन्हींसाठी केवळ ‘व्हीलचेअर पाहिजे’ एवढेच सांगितले जाते आणि यंत्रणेत पहिला संकेत नोंदवला जातो. मग विमान इमारतीला न लागता दूर मैदानात उभे राहिले आणि शिडी उतरायची वेळ आली, की पंचाईत होते. ज्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्यासाठी दुसरा संकेत आग्रहाने नोंदवावा, म्हणजे उचलयंत्राची गाडी येते. अंध, कर्णबधिर आणि केवळ सोबतीची गरज असलेल्या उतारूंसाठीही स्वतंत्र संकेत आहेत.

नोंद प्रत्येक विमानासाठी वेगळी झाली आहे ना, हे तपासणे अत्यावश्यक आहे. मुंबई ते सिंगापूर नोंद आहे आणि सिंगापूर ते मेलबर्न नाही, असे होऊ शकते. विशेषतः दुसरे विमान भागीदार कंपनीचे असेल तेव्हा. कंपनीच्या संकेतस्थळावर आरक्षण उघडून दोन्ही विमानांसमोर ती नोंद दिसते का पाहावे, न दिसल्यास दूरध्वनी करून लेखी पुष्टी मागावी व तिची प्रत जवळ ठेवावी. पती-पत्नी दोघांनाही गरज असेल तर दोन खुर्च्यांची मागणी वेगवेगळी करावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका ८० वर्षीय गृहस्थांच्या बाबतीत घडलेली दुर्घटना वाचकांना स्मरत असेल. पती-पत्नीसाठी त्या क्षणी एकच व्हीलचेअर मिळाली. पत्नी तिच्यावर बसली, ते तिच्यासोबत इमिग्रेशनपर्यंत चालत गेले, तेथे कोसळले व त्यांचे निधन झाले. डीजीसीएने या प्रकरणी संबंधित विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड ठोठावला. दुसरी खुर्ची येण्यास वेळ लागणार असेल, तर थांबावे. उतारू बसून आहे तोवर विमानतळाचे काही बिघडत नाही. घाई असते ती आपल्याच मनाला.

मुंबईच्या सहार येथील दुसऱ्या टर्मिनलवर नातलगांना प्रवेशद्वाराशीच निरोप घ्यावा लागतो, कारण आत तिकीट व पारपत्र दाखवणाऱ्यालाच सोडतात. तेथपासून चेक-इन काउंटरपर्यंतचे अंतर बरेच असते. विमान कंपनीचा कर्मचारी दाराजवळ दिसल्यास त्यालाच सांगून खुर्ची मागवावी, नाहीतर काउंटरवर पोहोचताच पहिले वाक्य खुर्चीविषयीचे असावे. पुढे खुर्ची ढकलणारा मदतनीस इमिग्रेशन व सुरक्षा तपासणी पार करून गेटपर्यंत नेतो. येथे एक अप्रिय गोष्टही लिहिणे भाग आहे : काही मदतनीस बक्षिसीसाठी अडून बसतात. स्वखुशीने काही द्यायचे असेल तर द्यावे, परंतु ती देण्याची सक्ती मुळीच नाही, आणि आईच्या पर्समध्ये केवळ मोठ्या नोटा ठेवून तिला या प्रसंगात ढकलू नये.

मधल्या विमानतळावर बहुधा असे होते की विमानाच्या दारात मदतनीस भेटतो, उतारूला एका प्रतीक्षा कक्षात आणून बसवतो आणि पुढच्या विमानाच्या वेळी दुसरा मदतनीस येऊन नेतो. हा मधला काळ सर्वात नाजूक असतो. आमच्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका मुलाकडे जात असताना आखातातील एका विमानतळावर अशाच कक्षात बसल्या होत्या. तासभर कोणी फिरकले नाही म्हणून त्या उठल्या, प्रसाधनगृह शोधत दूर गेल्या, आणि त्यांना नेण्यासाठी आलेला मदतनीस रिकामी जागा पाहून परत गेला. सुदैवाने एका मल्याळी परिचारिकेने त्यांना धावपळ करून गेटपर्यंत पोहोचवले. म्हणून आपल्या माणसाला बजावून सांगावे की कक्षातून उठायचे असेल तर तेथील टेबलावरच्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून सांगूनच उठावे. आणि विमान सुटण्यास सव्वा तास उरला तरी कोणी आले नाही, तर स्वतः होऊन टेबलाशी जावे. गप्प बसून राहणे हा आपल्या पिढीचा संकोच आहे. येथे तो महागात पडतो.

चालता तर उत्तम येते, पण भाषा येत नाही व वाट सापडत नाही, अशांनी काय करावे? त्यांच्यासाठीही मुले सरसकट व्हीलचेअर नोंदवतात. भारतातून जाणाऱ्या काही विमानांत व्हीलचेअरच्या मागण्यांची संख्या इतकी वाढते, की खऱ्या गरजवंताला ताटकळत बसावे लागते. अशा उतारूंसाठी ‘मीट अँड असिस्ट’ नावाची सोबतीची सेवा आहे. काही कंपन्या एकट्या ज्येष्ठांना ती विनंतीवरून देतात, तर अनेक ठिकाणी ती पैसे भरून घ्यावी लागते. मुंबईला ‘प्रणाम’, दुबईला ‘मरहबा’ आणि दोह्याला ‘अल महा’ या नावांनी या सेवा ओळखल्या जातात. कर्मचारी नावाची पाटी घेऊन विमानापाशी वा ठरलेल्या जागी भेटतो आणि पुढच्या गेटपर्यंत सोबत राहतो. शुल्क सेवेच्या प्रकारानुसार बदलते. आरक्षण आधी करावे लागते. मात्र ज्यांचे गुडघे खरोखरीच दुखतात त्यांनी लोक काय म्हणतील या विचाराने खुर्ची नाकारू नये. दोन गेटांमधील अंतर कधी कधी वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीचे असते.

स्मृतिभ्रंश, बहिरेपणा वा स्वमग्नता अशा वरून न दिसणाऱ्या अडचणी असणाऱ्यांसाठी हिरव्या रंगावर पिवळी सूर्यफुले असलेली गळ्यातील फीत हा एक ओळखीचा संकेत झाला आहे. २०१६ साली लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर तिचा आरंभ झाला आणि आता अनेक देशांतील विमानतळांवर ती ओळखली जाते. ती घातलेल्या व्यक्तीशी कर्मचारी सावकाश व समजावून बोलतात.

निघण्यापूर्वी

मुंबईहून सुटणारी अनेक आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतरची असतात, आणि येथेच तारखेचा घोटाळा होतो. तिकिटावर १२ तारखेची पहाटे ३ ची वेळ असेल, तर ११ तारखेच्या रात्रीच घर सोडावे लागते. १२ च्या रात्री सामान घेऊन निघालेल्यांचे विमान केव्हाच गेलेले असते. नवी मुंबईच्या विमानतळावरूनही २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागली आहेत, तेव्हा विमान कोठून आहे हेही वाचून घ्यावे. वसई-विरारकडून सहारला मोटारीने येणाऱ्यांनी महामार्गावर घोडबंदरच्या फाट्याजवळ होणारी कोंडी आणि पावसाळ्यातील तुंबलेले पाणी हिशेबात धरावे. सामान थोडे असेल तर लोकलने अंधेरी, तेथून मेट्रोने मरोळ नाका आणि तेथे गाडी बदलून भुयारी मेट्रोने दुसऱ्या टर्मिनलचे स्थानक, हा मार्ग २०२४ पासून उपलब्ध आहे. पण दोन मोठ्या बॅगा आणि वृद्ध आई सोबत असताना आम्ही तो सुचवणार नाही, शिवाय मेट्रो रात्रभर चालत नाही.

घड्याळाचे गणित घरीच करून द्यावे. तिकिटावरील सर्व वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. दोहा भारतापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास मागे, तर सिंगापूर अडीच तास पुढे आहे. मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहिले, तर सिंगापूरला विमान सुटून गेले तरी आपल्याला अजून अवकाश आहे असे वाटत राहील. मोबाइल बहुधा वेळ आपोआप बदलतो, मनगटावरचे घड्याळ बदलत नाही.

मोबाइलवर रोमिंगची योजना भारतातूनच सुरू करून द्यावी. विमानतळावरील मोफत वाय-फायसाठी कधी नोंदणी, कधी संदेशातून येणारा क्रमांक लागतो, आणि ज्येष्ठ मंडळी तेथेच अडतात. बॅटरी संपली तर काय, म्हणून एक जाड कागदही हाती असावा. त्यावर उतारूचे नाव, दोन्ही विमानांचे क्रमांक व वेळा, दोन्ही शहरांतील नातलगांचे दूरध्वनी आणि आजारांची व औषधांची नावे ठळक इंग्रजीत लिहावीत. ज्यांना इंग्रजी बोलण्याची भीती वाटते त्यांनी दोनच वाक्ये पाठ करावीत : ‘प्लीज हेल्प मी टू माय नेक्स्ट फ्लाइट’ आणि ‘आय कॅनॉट वॉक फार’. एवढ्यावर जगातील कोणत्याही विमानतळावर काम भागते. आखाती विमानतळांवर हिंदी समजणारे कर्मचारीही बरेच भेटतात, त्यामुळे हिंदीत विचारण्यास मुळीच लाजू नये.

औषधे हातातील पिशवीतच, मूळ वेष्टनात व डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. इन्सुलिन तर सामानात देऊच नये, कारण विमानाच्या पोटातील थंडीत ते गोठण्याची भीती असते. मधुमेहींचे जेवण किमान एक दिवस आधी नोंदवता येते. कोडीन, ट्रामाडोल यांसारखी वेदनाशामके आखाती देशांत नियंत्रित औषधे मानली जातात. ती घेणाऱ्यांनी त्या देशाची परवानगी आधी पाहावी. आणि आपल्या गृहिणींसाठी विशेष सूचना : संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. लेकीसाठी प्रेमाने नेलेल्या बाटलीच्या मसाल्यात अनेक घरी खसखस असते. दुबईला जाणाऱ्यांनी ती न घालता मसाला कुटावा, आणि तेथे केवळ विमान बदलणाऱ्यांनीही हा धोका पत्करू नये. सुके खोबरेही सामानात नेऊ नये. त्यातील तेलामुळे ते ज्वालाग्राही पदार्थांत गणले जाते.

पॉवर बँक मोठ्या सामानात चालत नाही, ती हातातच न्यावी लागते आणि १०० वॅट-अवरपर्यंतच बिनपरवाना चालते. अनेक कंपन्यांनी विमानात ती वापरण्यासही आता मनाई केली आहे.

वारंवार जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने जलद इमिग्रेशनची विश्वासू प्रवासी योजना २०२४ साली दिल्लीत व १६ जानेवारी २०२५ पासून मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू केली. भारतीय पारपत्रधारकांना ती विनामूल्य आहे. ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे दिले, की स्वयंचलित फाटकातून जाता येते. व्हीलचेअरवरील उतारूंना तिची विशेष गरज भासत नाही.

मधल्या विमानतळावर

विमानातून उतरताच ‘ट्रान्सफर’ वा ‘कनेक्शन्स’ लिहिलेल्या फलकामागे जावे. ‘अरायव्हल्स’ किंवा ‘बॅगेज क्लेम’च्या मागे गेल्यास आपण बाहेर पडण्याच्या रांगेत जातो. व्हीलचेअर नसलेले बहुतेक जण येथेच चुकतात, कारण निम्मे सहप्रवासी त्या दिशेने चाललेले असतात. पुढे पडद्यावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधावा. शहराचे नाव पाहून निर्णय करू नये, कारण एकाच शहराला तासाभरात दोन विमाने असतात. बोर्डिंग पासवरील गेट बदलू शकते. गेट सापडल्यावरच चहा-पाण्याचा विचार करावा. दोह्याला डोक्यावर दिवा असलेले पिवळ्या अस्वलाचे अवाढव्य शिल्प आहे. कोणाला भेटायचे ठरवले असेल तर ती खूण उत्तम, परंतु काही गेटे तेथून बरीच दूर आहेत.

सुरक्षा तपासणी पुन्हा होते. दोह्याला व दुबईला ती उतरल्यावर लगेच होते, तर सिंगापूरला बहुतांशी गेटापाशी. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी पाण्याची बाटली तेथे काढून घेतात. लुर्दहून पवित्र पाणी आणणाऱ्यांनी ते हातातील पिशवीत न ठेवता, बाटली घट्ट बंद करून मोठ्या सामानात द्यावे. तपासणीच्या टेबलावर ते टाकून द्यावे लागलेल्या यात्रेकरूंचे डोळे भरून आलेले आम्ही पाहिले आहेत. ड्यूटी फ्री दुकानातील द्रव वस्तू मोहोरबंद पिशवीतच राहू द्यावी, शेवटच्या विमानतळापर्यंत ती फोडू नये.

हॉल्ट फार लांबला असेल तर काही कंपन्या ठरावीक अटींवर हॉटेल देतात. त्याची मागणी आधीच करावी लागते. इस्तंबूल व सिंगापूरला शहर दाखवण्याच्या मोफत सहलीही आहेत, परंतु बाहेर पडण्यासाठी भारतीयांना व्हिसा हवा. दोहा, दुबई व सिंगापूर येथे विमानतळाच्या आतच सशुल्क खोल्या मिळतात, त्यांना व्हिसा लागत नाही.

अनेक मोठ्या विमानतळांवर प्रार्थनागृहे आहेत. बॉस्टनच्या विमानतळावरील कॅथलिक चॅपल १९५१ सालचे आहे, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १९५५ मध्ये चॅपल उभे राहिले, डब्लिनचे चर्च १९६४ चे आहे. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली लोरेटोच्या मातेला वैमानिकांची व विमान प्रवाशांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले होते. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमानतळावर धर्मगुरू व सेवाभावी कार्यकर्त्यांची व्यवस्था आहे. प्रवासात मृत्यूची वार्ता आली, पैसे चोरीला गेले वा माणूस अडकून पडला, तर ते भाषा व धर्म न विचारता मदत करतात. सर्वत्र ही सोय नसते, पण माहिती कक्षात ‘चॅप्लेन’ असा एकच शब्द उच्चारून चौकशी करावी.

विमान चुकलेच तर घाबरून बाहेर पडू नये. आतच ‘ट्रान्सफर डेस्क’ असतो. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर तेथे पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास मिळतो; व्हीलचेअरची नोंद नव्या विमानावर पुन्हा करून घ्यावी, कारण ती बहुधा मागेच राहते. युरोपीय संघातून सुटणाऱ्या विमानांबाबत २००४ सालच्या नियमावलीने जेवण, निवास आणि काही परिस्थितीत रोख भरपाईचा हक्क दिला आहे. त्यासाठी दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

पोहोचल्यावर सामान आले नाही, तर

कनेक्शनच्या गडबडीत बॅग मागे राहणे ही नित्याची बाब आहे. अशा वेळी पट्ट्याजवळील कार्यालयात तक्रार नोंदवल्याशिवाय सभागृह सोडू नये. तेथे मिळणारा क्रमांक व मुंबईच्या काउंटरवर बोर्डिंग पासला चिकटवून दिलेली सामानाची चिठ्ठी, या दोन गोष्टींवर पुढचे सर्व अवलंबून असते. भारत २००९ पासून ज्यात सामील आहे त्या १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे, सामानाचे नुकसान झाले असल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा मिळाले असल्यास मिळाल्यापासून २१ दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. सामान गेले तर भरपाईला कमाल मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून कराराखालील ही आंतरराष्ट्रीय मर्यादा प्रत्येक उतारूमागे १,५१९ एसडीआर, म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर, इतकी आहे. दागिने, पारपत्र व चाव्या त्यामुळे मोठ्या बॅगेत ठेवूच नयेत. दरम्यानच्या दिवसांत घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या व औषधांच्या पावत्या मुलांनी जपून ठेवाव्यात आणि तक्रारीसोबत जोडाव्यात.